वयाचा दाखला दिला, आजाराचा राहिला

नववीच्या वर्गात एक मुलगा मी मुद्दाम खिडकीजवळ बसवत असे. त्याला दमा होता. घराखालीच लूम, दिवसरात्र हवेत कापसाचे तंतू, आणि वर्गात खडूची धूळ. खिशात कायम निळा पंप. भिवंडीतल्या शिक्षकांना अशी मुलं नवीन नाहीत.

मोबाइल चोरीच्या एका प्रकरणात तो मोठ्या पोरांबरोबर सापडला. गुन्हा दुसऱ्या जिल्ह्यात नोंदला गेला, म्हणून तिथल्या निरीक्षणगृहात ठेवलं. त्याची आई शाळेत आली. वकिलांनी वयाचा पुरावा मागितला होता. मी तासाभरात बोनाफाइड काढून, सही-शिक्का करून हातात दिलं आणि चांगलं काम केल्याच्या समाधानात पुढच्या तासाला गेलो.

तो एकोणीस दिवसांनी सुटला. मग कळलं, की आत जाताना पट्टा आणि पैशांबरोबर त्याचा पंपही जमा करून घेतला होता. दुसऱ्या रात्री धाप लागली तेव्हा ‘नाटक करतो’ असं म्हणून त्याला भिंतीला टेकून बसायला सांगितलं. दवाखान्यात नेलं ते चौथ्या दिवशी, ओठ निळे पडल्यावर. मुलगा वाचला, अल्हम्दुलिल्लाह. त्याचं नाव मी लिहिणार नाही. कायद्यानेही ते उघड करता येत नाही.

मी आईला विचारलं, “मंडळासमोर दम्याचं का नाही सांगितलं?” ती म्हणाली, “सर, बोलती तो इलाज के नाम पे और रोक लेते.” तिची भीती समजण्यासारखी होती. पण मग मी स्वतःला विचारलं: मला तर माहीत होतं. शाळेच्या आरोग्य तपासणीच्या कार्डावर लिहिलेलं होतं. ते कार्ड ऑफिसच्या त्याच कपाटात होतं, ज्यातून मी जनरल रजिस्टर काढलं. मी का नाही दिलं?

कायदा याबाबत मुका नाही. 2015 च्या बाल न्याय कायद्यानुसार अठरा वर्षांखालच्या मुलाला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. चोवीस तासांत त्याला बाल न्याय मंडळासमोर न्यावं लागतं. निरीक्षणगृहात आल्यावर चोवीस तासांच्या आत डॉक्टरी तपासणी, दर महिन्याला तपासणीची नोंद, प्रत्येक मुलाची आरोग्य फाइल, हे 2016 च्या आदर्श नियमांत आहे. लांबणाऱ्या आजाराच्या मुलाला उपचाराच्या जागी हलवण्याचा अधिकार कलम 92 देतं. मंडळाने महिन्यातून एकदा अशा गृहांना भेट द्यायची आहे. तपासणी समितीने तीन महिन्यांतून एकदा जायचं, आणि त्यात एक महिला व एक वैद्यकीय अधिकारी असलाच पाहिजे, असं कलम 54 सांगतं.

हे सगळं कशासाठी? घरातलं मूल आजारी पडलं तर आई त्याला उचलून कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे नेते. बंद दारामागचं मूल स्वतः जाऊ शकत नाही आणि आईही नेऊ शकत नाही. ज्याने कुलूप लावलं, त्याच्याकडेच औषधाची जबाबदारी जाते. चोरी सिद्ध झाली असो वा नसो, कोणत्याही कलमात श्वास रोखण्याची शिक्षा नाही.

पण ही जबाबदारी विसरली जाते, कारण विचारणारं कोणी नसतं. आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण आहे. 2010 साली शहापूर तालुक्यातल्या कवडासच्या गतिमंद मुलांच्या निवासगृहात उपासमार, हेळसांड आणि मुलांचे मृत्यू यांच्या बातम्या आल्या. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. ती मुलं गुन्ह्यातली नव्हती, ती सांगू शकत नव्हती. निरीक्षणगृहातलं मूल सांगू शकतं, पण त्याच्यावर गुन्ह्याचा शिक्का असल्याने ते खोटंच बोलत असणार असं धरलं जातं. दोन्हीकडे बाहेरच्या माणसाने विचारल्याशिवाय दार हलत नाही.

इथे आपल्या समाजालाही काही सांगायचं आहे. मुलगा पकडला गेला की आपण दोनच गोष्टी करतो: वकिलासाठी पैसे जमवतो, नाहीतर शरमेने त्या घरी जाणंच बंद करतो. आजाऱ्याची अयादत करणं हा मुसलमानाचा मुसलमानावर हक्क आहे, हे आपण मुलांना मकतबमध्ये शिकवतो. सूरह अद-दहरमध्ये मिस्कीन, यतीम आणि कैदी यांना जेवू घालणाऱ्यांचा उल्लेख एकत्रच येतो. मिस्कीन आणि यतीम आपल्या जकातीच्या यादीत असतात. कैदी, तोही पंधरा वर्षांचा, कुठे असतो?

काही जण म्हणतील, सरकारची चूक पालकांच्या आणि शिक्षकांच्या गळ्यात का मारता? मारत नाही. पंप काढून घेणाऱ्याची चूक त्याचीच आहे आणि तिचा जाब विचारलाच पाहिजे. पण जाब विचारायलाही कागद लागतो. ‘आम्हाला कल्पना नव्हती’ हे उत्तर बंद करायचं असेल, तर कल्पना पहिल्याच दिवशी लेखी द्यायला हवी.

म्हणून माझ्या शिक्षक बंधुभगिनींना विनंती. वयासाठी शाळेचा दाखला कायदा आधी मानतो, त्यामुळे असं घर आधी आपल्याच दारी येतं. दाखल्याबरोबर आरोग्य कार्डाची प्रतही द्या. दमा, फिट, मधुमेह, टीबीचं चालू औषध, नशेची सवय, जे माहीत आहे ते मंडळाच्या नावे एका अर्जात लिहा, औषधाची चिठ्ठी जोडा आणि पोच घ्या. एक प्रत प्रोबेशन अधिकाऱ्याला द्या, कारण मुलाचा सामाजिक तपास अहवाल तेच लिहितात. वकील नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत मिळतो. आणि आईला समजावा, की आजार सांगितल्याने जामीन अडत नाही.

तो मुलगा आता दहावीत आहे, पुन्हा खिडकीजवळ बसतो. माझ्या कपाटात त्याच्या कार्डाची प्रत आजही आहे. ती वेळेवर कोणी मागितली नव्हती, हे खरं. पण मी दिलीही नव्हती.