समांतर वाहिन्यांचा भरवसा

सोमवार, दि. 12 ऑक्टोबर 2020 रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे व नवी मुंबई येथील वीज एकाएकी गेली, लोकलगाड्या रुळांवर जागच्या जागी उभ्या राहिल्या आणि करोनाच्या ऐन साथीत रुग्णालयांना जनित्रांचा आश्रय घ्यावा लागला. तत्कालीन ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी त्याचे कारण असे सांगितले की, कळवा-पडघे येथील 400 किलोव्होल्टचा पहिला परिपथ देखभालीसाठी बंद असल्यामुळे त्याचा भार दुसऱ्यावर घातला होता, आणि नेमका तो दुसराच बिघडला. परिपथ दोन असूनही वीज का जावी, या प्रश्नाचे उत्तर शालेय विज्ञानाच्या दोन पाठांतच आहे, आणि ते नीट समजून घेणे नवी मुंबईच्या रहिवाशांस अत्यंत अगत्याचे आहे.

एकसर जोडणीत विद्युतधारेस मार्ग एकच असल्यामुळे एक दिवा गेला की सारेच विझतात. शिवाय 230 व्होल्टवर दोन सारखे दिवे असे जोडले, तर प्रत्येकाच्या वाट्यास 115 व्होल्टच येऊन ते मंद जळतात. समांतर जोडणीत प्रत्येक उपकरणास पूर्ण 230 व्होल्ट मिळतात आणि पंखा बंद केल्याने दिव्याचे काही बिघडत नाही. म्हणून एकसर जोडणी त्याज्य ठरते असे मुळीच नाही. वितळतार एकसर बसवलेली असते म्हणूनच संकटकाळी ती साऱ्या घराचा प्रवाह तोडू शकते.

परंतु घरातल्या समांतर जोडणीचा हा गुण शहराच्या पुरवठ्यासही आपोआप लाभेल, हा समज निराधार आहे. घरात समांतर असतात ती वीज घेणारी उपकरणे, तर शहराकडे समांतर येतात त्या वीज आणणाऱ्या वाहिन्या. वाशीचा खाडीपूल बंद झाल्यास सारी वाहने ऐरोलीच्या पुलावर लोटावीत, त्याप्रमाणे एक वाहिनी बंद पडताच तिची धारा उरलेल्या वाहिन्यांवर जाते आणि त्यांची कुवत तोकडी पडल्यास संरक्षक यंत्रणा त्यांनाही एकामागून एक तोडते. कागदावर समांतर असलेली रचना मग एकसर जोडणीइतकीच दुबळी ठरते.

2023 साली खारघर-विक्रोळी ही 400 किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली, ही समाधानाची गोष्ट होय. मात्र ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात अहोरात्र वीज खाणारी डेटा सेंटरे उभी राहत असताना केवळ वाहिन्यांची संख्या वाढवून भागणार नाही. सर्वांत मोठी वाहिनी दुरुस्तीसाठी बंद असताना आणखी एक अकस्मात तुटली, तर उरलेल्या वाहिन्या सायंकाळच्या कमाल मागणीचा भार पेलतील काय, याचा हिशेब महापारेषण या राज्याच्या वीजपारेषण कंपनीने दरवर्षी जाहीर करावा. आणि तो समाधानकारक असल्याखेरीज मोठ्या नव्या जोडणीच्या दरखास्तीस मंजुरी देऊ नये.