काळ्या पिशवीतलं मटण

आमच्या गल्लीतल्या मटणाच्या दुकानात चिंचेचा ओंडका आहे. आजोबांच्या काळातला नव्हे. ओंडका झिजतो, बदलावा लागतो. पण जागा तीच. आजोबा बसायचे तिथे आता नातू बसतो. कुणाकडे रस्सा होणार, कुणाकडे सुकं, कुणाच्या घरी आजारी माणूस आहे म्हणून पायाचं सूप लागणार, हे त्याला पाठ आहे. 'दादा, सीना-चाप मिक्स, दोन नळ्या टाक' एवढं म्हटलं की झालं. बाहेर पाटी आहे, 'येथे बोलाईचे मटण मिळेल'. बोलाईला मानणाऱ्या घरांत शेळी-बोकड चालत नाही, मेंढीचंच मटण लागतं. ॲपवरून डिलिव्हरी द्यायला आलेल्या पोराला हा फरक विचारून बघा.

आणि हे मटण आपण घरी नेतो काळ्या पिशवीतून. जिन्यात कुणी भेटलं तर पिशवी मागे धरतो.

आपली भाषाही तशीच लबाड आहे. निर्दय माणसाला आपण 'कसाई' म्हणतो. 'खाटकाला शेळी धार्जिणी' ही म्हण बिनधास्त वापरतो. कापणाऱ्यासाठी शिवी, आणि खाणाऱ्यासाठी? 'खवय्या'! पाप त्याच्या खात्यावर, तर्री आपल्या ताटात.

ही लाज फक्त जिन्यापुरती असती तर लिहिलं नसतं. 2025 साली कल्याण-डोंबिवली महापालिकेने 15 ऑगस्टला मटण-चिकनची दुकानं बंद ठेवायचा आदेश काढला. आधार काय, तर 1988 चा ठराव. टीका झाली, तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवारही विरोधात बोलले. पण दहा वर्षं मागे जा. 2015 मध्ये पर्युषणाच्या काळात मुंबईत मांसविक्रीवर बंदी घातली होती आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेलं होतं. दर वेळी निमित्त वेगळं, शटर तेच.

'एक दिवस नाही खाल्लं तर मराल का?' हा ठरलेला प्रश्न. नाही मरणार. खरं सांगायचं तर त्या 15 ऑगस्टला श्रावण होता, गल्ल्यात तसंही फार पडलं नसतं. सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी, एकादशी. आपले उपास खाटकाला आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असतात. श्रावणात तो रिकामा बसतो, तक्रार करत नाही, कारण गिऱ्हाईक आपल्या मर्जीने येत नसतं. आदेशाचं तसं नाही. आदेश सांगतो की स्वातंत्र्यदिनी तुझा धंदा दिसता कामा नये. पिढ्यान्‌पिढ्या परवाना घेऊन, कर भरून बसलेल्या माणसाला झेंडावंदनाच्या दिवशी हे ऐकवायचं?

या बंद्या लादणारे बरेचदा मूठभर असतात. खाणारे आपण ढीगभर. तरी जमतं, कारण ते बोलतात आणि आपण पिशवी लपवतो. इन्स्टावर पांढऱ्या रश्शाची रील टाकणारे आपण, दुकान बंद झालं की आदल्या रात्री दोन किलो आणून फ्रीजमध्ये ठेवतो. आपली सोय झाली, विषय संपला.

परवा मी नातवाला विचारलं, तुझा मुलगा बसणार का इथे? त्याने सत्तूर बाजूला ठेवला, म्हणाला, 'त्याला शाळेत विचारतात, बाबा काय करतात. तो सांगतो, दुकान आहे. कसलं, ते नाही सांगत.'

माझं अर्धा किलो त्याने काळ्या पिशवीत भरलं. सवयीने. मी पांढरी मागितली, तर त्याच्याकडे नव्हतीच.