तिसरी पिन तोडू नका

गाणे थांबले की स्पीकरमधून ‘घूं’ असा सलग आवाज येत राहतो. दुरुस्तीवाले त्याला हमिंग म्हणतात. घरोघरी त्यावर एक उपाय सर्रास सांगितला जातो: प्लगची वरची जाड पिन काढून टाका. पिन काढली की आवाज बऱ्याचदा थांबतोही, आणि खरा घात तिथेच होतो. ॲम्प्लिफायरच्या पत्र्यात फेज उतरला, तर विजेला जमिनीत जाण्याची वाट त्याच पिनेतून आहे. म्हणूनच ती इतर दोघींपेक्षा लांब ठेवलेली असते. सॉकेटमध्ये आधी अर्थ जोडला जावा, मग वीज. ती वाट तोडून मिळालेली शांतता घराने पत्करू नये, असे माझे ठाम मत आहे.

आवाज दाबण्याऐवजी तो कुठून येतो ते शोधावे. मोठ्या वेधशाळाही हेच करतात. आपल्याच हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यात, लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होत आहे. एप्रिल 2023 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला सुमारे 2600 कोटी रुपये मंजूर केले. तिच्यासारख्याच अमेरिकेतल्या हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन वेधशाळांच्या नोंदींतही तिथल्या 60 हर्ट्‌झ विजेची रेघ उमटते. तिचा माग काढण्यासाठी तिथे विजेच्या आणि चुंबकीय क्षेत्राच्या वेगळ्या नोंदी ठेवतात. आपली वीज 50 हर्ट्‌झची. घरातला शोध त्या मानाने फारच सोपा आहे. व्हॉल्यूम शून्यावर आणा. आवाज तसाच राहिला तर दोष बहुधा सेटच्या आत, पॉवर सप्लायच्या थकलेल्या कपॅसिटरमध्ये असतो. व्हॉल्यूमबरोबर तो वाढत असेल तर टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, कॉम्प्युटर यांच्या वायरी एकेक काढून पाहा. दोन उपकरणे दोन ठिकाणी अर्थ झाली की त्यांना जोडणाऱ्या ऑडिओ वायरीच्या जाळीतून थोडा प्रवाह फिरतो, आणि तोच ऐकू येतो. सगळी उपकरणे एकाच बोर्डावर घेतली की हे पुष्कळदा मिटते. पंख्याचा रेग्युलेटर फिरवताच किरकिर बदलत असेल, तर मूळ त्या रेग्युलेटरमध्येच आहे.

यावर कुणी म्हणेल, आमच्या जुन्या घरात तिसऱ्या छिद्राला वायरच नाही, मग पिन ठेवून काय उपयोग? प्रश्न रास्त आहे, पण त्याचे उत्तर अर्थिंग करून घेणे हेच. काही जण बोर्डातच न्यूट्रलला अर्थ जोडून देतात. पुढे न्यूट्रल तुटला की उपकरणाचा पत्राच जिवंत होतो. दोन पिनांची उपकरणेही चालतातच की, हा दुसरा आक्षेप. ती दुहेरी इन्सुलेशनची बनवलेली असतात. तीन पिनांच्या सेटला तो न्याय लागू होत नाही. अर्थिंगचा खड्डा एकदा केला म्हणजे काम संपले, असेही नाही. उन्हाळ्यात आपली काळी जमीन भेगाळते, ओल उतरते आणि अर्थिंग कमजोर पडते. म्हणून एप्रिल-मेमध्ये खड्ड्यात पाणी घाला, वायरमनकडून अर्थिंग मीटर लावूनच मोजून घ्या, आणि पिन तुटलेले प्लग त्याच दिवशी बदला.