तिजोरीचा राखणदार की वाटेकरी?

परळीहून बीडकडे जाणारा रस्ता सिरसाळ्यातून जातो. मराठवाड्यातील कोणत्याही मोठ्या गावाप्रमाणे येथेही पुढाऱ्याच्या कर्तृत्वाचे माप एकाच शब्दप्रयोगात सांगितले जाते : 'निधी खेचून आणला'. या प्रयोगातील 'खेचून' हा शब्द विचार करण्याजोगा आहे. जे नियमाने मिळायचे ते खेचावे लागत नाही. जानेवारी 2025 मध्ये अर्थखाते सांभाळणारे उपमुख्यमंत्री अजित पवार यांच्याकडे बीडचे पालकमंत्रिपदही आले, तेव्हा जिल्ह्याच्या अपेक्षा उंचावणे स्वाभाविक होते. व्यक्ती कोणीही असो, त्यातून उभा राहणारा प्रश्न मात्र जुना आहे. राज्याच्या तिजोरीच्या किल्ल्या ज्याच्या हाती असतात, त्याची योग्यता कशावर ठरवायची? त्याने आपल्या माणसांना काय दिले यावर, की स्वतःलाही बांधून ठेवणारे कोणते नियम त्याने मागे ठेवले यावर?

नव्याने स्वतंत्र झालेल्या अमेरिकेला हा प्रश्न सुरुवातीच्या काळातच पडला होता. 2 सप्टेंबर 1789 रोजी तेथे अर्थखाते स्थापन करणारा कायदा झाला. त्यात हिशेब तपासणारा, देयक मंजूर करणारा, पैसा सांभाळणारा आणि नोंद ठेवणारा असे अधिकारी वेगवेगळे ठेवण्यात आले. खात्यातील अधिकाऱ्यांनी व्यापार करू नये, सरकारी जमिनी वा रोखे खरेदी करू नयेत, असेही बंधन घातले गेले. पहिले अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन 1795 मध्ये पद सोडून वकिलीकडे परतले. पुढे 1797 मध्ये त्यांच्यावर सट्टेबाजीचा आरोप झाला, तेव्हा त्यांनी आपले विवाहबाह्य संबंध जाहीरपणे कबूल केले. खासगी अब्रू गेली तरी चालेल, पण सरकारी हिशेबावर डाग नको, हा त्यामागील विचार होता. त्यांचेच सहायक विल्यम ड्यूअर मात्र रोख्यांच्या सट्ट्यात बुडाले. 1792 च्या आर्थिक घबराटीला ते निमित्त झाले आणि कर्जबाजारी म्हणून तुरुंगात गेले. पुढे 1801 ते 1814 या काळात अर्थमंत्री राहिलेल्या अल्बर्ट गॅलाटिन यांनी सुमारे 8 कोटी 30 लाख डॉलरचे राष्ट्रीय कर्ज 1812 पर्यंत साडेचार कोटींपर्यंत खाली आणले. एकाच खात्याने दोन प्रकारची माणसे पाहिली. त्यांच्यातील फरक हुशारीचा नव्हता, मर्यादा मानण्याचा होता.

मराठी वाचकाला या कसोटीचे उदाहरण शोधायला अमेरिकेपर्यंत जाण्याचे कारण नाही. महाडजवळच्या नाते येथे 1896 मध्ये जन्मलेले चिंतामणराव देशमुख सनदी सेवेतून आले. 1943 मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि 1944 च्या ब्रेटन वुड्स परिषदेत भारताच्या वतीने सहभागी झाले. 1950 पासून सहा वर्षे ते देशाचे अर्थमंत्री होते. सिरसाळ्याचा परिसर तेव्हा हैदराबाद राज्यात होता आणि बाजारात सात हाली रुपयांना सहा कलदार असा हिशेब चाले. एका देशात दोन नाणी ही स्थिती संपविण्याच्या दिशेने पावले पडली ती याच काळात. 1955 मध्ये इम्पिरियल बँकेची स्टेट बँक झाली, तर 1956 मध्ये आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणातून आयुर्विमा महामंडळ जन्माला आले.

महाराष्ट्राच्या स्मरणात मात्र देशमुख आहेत ते त्यांच्या राजीनाम्यामुळे. मुंबई केंद्रशासित करण्याचा निर्णय मंत्रिमंडळात रीतसर विचार न होता घेतला गेला, असा आक्षेप घेऊन जुलै 1956 मध्ये ते बाहेर पडले. या राजीनाम्यात प्रादेशिक अस्मिता होती, हे खरेच. पण त्यात कार्यपद्धतीचा आग्रहही तितकाच होता आणि तो आपण विसरलो. ते कुलाब्यातून लोकसभेवर निवडून आले होते. पण कुलाब्यासाठी त्यांनी किती निधी आणला, हे आज कोणी विचारीत नाही. सत्ता सोडल्यावर ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष आणि पुढे दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले. 1969 मध्ये राष्ट्रपतिपदाची निवडणूक ते हरले. त्यांची प्रतिष्ठा त्यामुळे उणावली नाही.

अर्थात चांगला माणूस पुरेसा नसतो, याचा दाखलाही लगेच मिळाला. नव्या आयुर्विमा महामंडळाने 1957 मध्ये हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे सव्वा कोटी रुपयांच्या घरातील समभाग घेतले. संसदेत प्रश्न उठला, न्यायमूर्ती छागला यांच्या आयोगाने उघड चौकशी केली आणि फेब्रुवारी 1958 मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना जावे लागले. संस्था घसरली, पण तिला जाब विचारणारी यंत्रणा जागी होती.

आता पुन्हा सिरसाळ्याकडे. निधी खेचण्याच्या भाषेला नावे ठेवणे शहरात बसून सोपे आहे. ज्या जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजुरांची बिऱ्हाडे बाहेर पडतात, त्याने आपल्या वाट्याची मागणी करू नये, असे कोण म्हणेल? दोष मागणीचा नाही. नियमाने वाटा देण्याची व्यवस्था ढासळली, म्हणून मागणारा माणसाच्या दारात जातो. दांडेकर समितीने 1984 मध्ये राज्याचा सुमारे 3,187 कोटी रुपयांचा अनुशेष मोजला, त्यात मराठवाड्याचे सुमारे 751 कोटी होते. 1994 मध्ये वैधानिक विकास मंडळे आली. 30 एप्रिल 2020 रोजी त्यांची मुदत संपली, तेव्हा त्यांच्यासाठी रस्त्यावर उतरणारे फारसे कोणी दिसले नाही. मंत्रिपद हुकले की आंदोलने होतात. नियम हरवला तर कोणाला खंत वाटत नाही.

वास्तविक नियमाचे बळ गावाला अपरिचित नाही. वित्त आयोगाचा निधी ग्रामपंचायतीच्या खात्यावर येतो, त्यासाठी कोणाच्या दारात उभे राहावे लागत नाही. तो खर्च करताना सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी अशा दोघांची स्वाक्षरी लागते. एकट्याच्या हाती किल्ली नको, हे 1789 चेच तत्त्व आहे. जे बंधन गावच्या सरपंचाला लागू आहे, त्याच कसोटीवर राज्याचा अर्थमंत्री पारखला गेला पाहिजे. खेचून आणलेला निधी खेचणाऱ्याबरोबर जातो. नियमाने आलेला निधी मंत्री बदलला तरी येत राहतो. सिरसाळ्याला हवा आहे तो हा दुसरा निधी.