आधी प्रश्न, मग संस्था

जुलैत, निकाल लागल्यावर, सांगोला तालुक्यातले एक शेतकरी मुलीला घेऊन माझ्याकडे आले. मुलगी जीवरसायनशास्त्रात एमएस्सी झालेली. तिला सरकारी संशोधनात घालायची तर कुठं घालावी, एवढंच त्यांना विचारायचं होतं. बोलता बोलता त्यांनी पिशवीतून दोन डाळिंबं काढून टेबलावर ठेवली. एक चकचकीत, मला द्यायला आणलेलं. दुसऱ्यावर काळपट तेलकट डाग, आणि डागाच्या मधोमध फळ आतले दाणे दिसतील इतकं तडकलेलं. तेल्या रोग. "ह्याच्यापायी झोप नाही बघा सर," ते म्हणाले. मुलीने ते फळ झटकन उचलून परत पिशवीत टाकलं. "आण्णा, ते कशाला काढलं इथं?" मग माझ्याकडे वळून तिने विचारलं, "सर, इस्रो बरं की भाभा?"

सोलापूर जिल्ह्यातल्या शेकडो घरांत हाच प्रश्न याच शब्दांत विचारला जातो. तो विचारण्याची पद्धतच चुकते आहे, असं माझं ठाम मत आहे. सरकारी संशोधनात जायचं असेल तर आधी प्रश्न निवडावा. संस्था त्या प्रश्नामागून येते. याविरुद्ध चार मतं नेहमी ऐकू येतात. ती एकेक करून तपासू.

पहिलं मत असं की या संस्थांची एक शिडी आहे. वरच्या पायरीवर इस्रो, मग भाभा अणुसंशोधन केंद्र, मग डीआरडीओ, त्याखाली सीएसआयआरच्या प्रयोगशाळा, आणि तळाला शेती संशोधन. मुलाने जमेल तितकी वरची पायरी गाठावी. पगाराकडे पाहिलं तर ही शिडी दिसतच नाही. इस्रोचा शास्त्रज्ञ-अभियंता 'एससी', डीआरडीओचा शास्त्रज्ञ 'बी' आणि भाभाचा वैज्ञानिक अधिकारी 'सी' हे तिघेही सातव्या वेतन आयोगाच्या दहाव्या स्तरावर, ५६,१०० रुपये मूळ वेतनावर रुजू होतात. कृषी संशोधन सेवेतल्या शास्त्रज्ञाचं मूळ वेतन ५७,७०० पासून सुरू होतं. म्हणजे जिला आपण तळाची पायरी म्हणतो, ती आकड्यात तसूभर वरच आहे.

प्रतिष्ठेची शिडी तरी खरी आहे का? भाभामध्ये अणुभट्ट्या बनतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण महाराष्ट्रातले शेतकरी वर्षानुवर्षं पेरत आलेला टीएजी २४ हा भुईमूग ट्रॉम्बेच्या त्याच केंद्रातून आला. लासलगावला २००२ साली उभं राहिलेलं कांद्यावर किरणोत्सर्गाची प्रक्रिया करणारं केंद्रही तिथल्याच संशोधनाचं फळ आहे. अणूचा अभ्यास करणारा माणूस जर भुईमुगाच्या शेंगेपर्यंत पोहोचत असेल, तर कुठलं शास्त्र वरचं आणि कुठलं खालचं, हे ठरवणारे आपण कोण?

दुसरं मत याच्या उलट टोकाचं आहे. "कुठली का असेना, सरकारी लागतेय ना? जी आधी लागेल ती धर." या म्हणण्यामागची काळजी मला समजते. चादरीच्या कारखान्यांना कुलपं लागलेली ज्यांनी पाहिली, त्या सोलापूरकरांना महिन्याच्या ठरलेल्या तारखेला येणाऱ्या पगाराची किंमत शिकवावी लागत नाही. पण तेविसाव्या वर्षी रुजू झालेला मुलगा साठीला निवृत्त होईल. ही सदतीस वर्षं तो रोज काय करणार, हा विचार घरात कुणी करतो का?

कारण कामाची तऱ्हा संस्थेगणिक फार वेगळी असते. इस्रोत शेकडो जण मिळून एक यान उभं करतात. त्यातल्या एकाच झडपेवर किंवा एकाच जोडावर एखाद्या यांत्रिकी अभियंत्याची अनेक वर्षं जातात, आणि उड्डाण यशस्वी झालं की श्रेय सगळ्यांचं असतं. पुण्यात पाषाणला किंवा दिघीला डीआरडीओत काम करणाऱ्याला आपल्या कामाविषयी घरीही फार बोलता येत नाही, आणि त्याच्या यंत्राची शेवटची परीक्षा सैनिक घेतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत शोधनिबंध छापता येतात, विषय ठरवण्याची मोकळीक बरीच असते, पण प्रकल्पांसाठी निधी मिळवण्याची धडपडही स्वतःच करावी लागते. कृषी संशोधन सेवेतल्या माणसाची नेमणूक देशाच्या कुठल्याही कोपऱ्यात होऊ शकते, आणि त्याचा एक प्रयोग म्हणजे एक हंगाम. चुकला तर पुढच्या वर्षापर्यंत थांबायचं. ज्याला नाव छापून आलेलं हवं असतं तो गोपनीय कामात घुसमटतो, आणि ज्याला माणसांच्या घोळक्यात सुचतं तो एकट्याच्या प्रयोगशाळेत वाळून जातो. म्हणून जी आधी लागेल ती धरणं ही सावधगिरी वाटली तरी तो जुगारच आहे.

तिसरं मत ऐकताना मला सर्वांत जास्त वाईट वाटतं, कारण ते मुलांच्याच तोंडून येतं. "आम्ही सोलापूरच्या कॉलेजातले. तिथं आयआयटीवाल्यांपुढं आमचा काय टिकाव लागणार?" यातला खरा भाग आधी मान्य करतो. आपल्याकडच्या प्रयोगशाळा अपुऱ्या आहेत, संशोधन करणारे शिक्षक थोडे आहेत, आणि इंग्रजीत मुलाखत द्यायची म्हटलं की घशाला कोरड पडते. पण दार कशाने उघडतं ते बघा. डीआरडीओच्या निवडीत गेट परीक्षेच्या गुणांना मोठं वजन असतं. भाभाच्या प्रशिक्षण शाळेसाठी, जी १९५७ पासून चालू आहे, गेटचे गुण किंवा त्यांची स्वतःची परीक्षा ही फक्त पहिली चाळणी. निवड शेवटी मुलाखतीवर होते. त्या मुलाखतीत तुमच्या आवडीचे विषय विचारून घेतात आणि मग त्यांचा तळ लागेपर्यंत प्रश्न विचारत जातात. तिथे कॉलेजच्या नावाला गुण नाहीत. अनिल काकोडकर मुंबईच्या व्हीजेटीआयमधून यांत्रिकी अभियंता होऊन याच प्रशिक्षण शाळेतून भाभात गेले, 'ध्रुव' अणुभट्टीच्या उभारणीत त्यांनी मोलाचं काम केलं आणि पुढे अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले. त्यांच्या पदवीवर कुठल्याही आयआयटीचा शिक्का नव्हता. थर्मोडायनॅमिक्सचं एकच पुस्तक मुळापासून घोटलेली आपल्याकडची मुलगी दहा पुस्तकं वरवर चाळलेल्या मुलापुढे या मुलाखतीत हटणार नाही.

चौथं मत वडीलधाऱ्यांचं. "संशोधकाला कोण विचारतं? त्यापेक्षा एमपीएससी कर. गाडी मिळेल, सही चालेल. शिवाय संशोधनात बढती साहेबाच्या मर्जीवर." प्रशासनात चांगली माणसं जायलाच हवीत, त्याबद्दल वाद नाही. बढतीतला अन्याय हाही कल्पित नाही. १९७२ साली दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेतल्या एका शास्त्रज्ञाने आत्महत्या केली, देश हादरला, आणि आपल्याच सातारचे न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली. त्यानंतर १९७५ मध्ये कृषी संशोधन सेवा सुरू झाली आणि जागा रिकामी होण्याची वाट न पाहता दर पाच वर्षांनी कामाचं मूल्यमापन करून बढती देण्याची पद्धत तिच्यात आली. इस्रो आणि डीआरडीओतही बढती रिकाम्या जागेला बांधलेली नाही, कामाला बांधलेली आहे. अन्याय यामुळे नाहीसा झाला असं म्हणणार नाही. पण ज्या व्यवस्थेने एका मरणातून स्वतःला बदलायला घेतलं, ती निव्वळ मर्जीवर चालते असं म्हणणंही खरं नाही.

आणि "संशोधकाला कोण विचारतं" याचं उत्तर तर आपल्या ताटातच आहे. सोलापूरची भाकरी ज्या मालदांडी ज्वारीची, तिचा एम ३५-१ हा वाण मोहोळच्या केंद्रावर निवड पद्धतीने तयार झाला, तो १९३० च्या दशकात. कुणीतरी त्या काळ्या रानात कणसामागून कणीस पारखलं, बी वेगळं ठेवलं, पुन्हा पेरलं, पुन्हा पारखलं. त्याच दशकात, १९३३ साली, सोलापुरात कोरडवाहू शेतीचं संशोधन केंद्र निघालं. बांधबंदिस्ती, खोल नांगरट, दोन ओळींत जास्त अंतर, बी कमी, कोळपण्या जास्त, ही पद्धत त्या काळच्या संशोधनातून घडली आणि आज आपण ती वाडवडिलांची रीत म्हणून सांगतो. कुठल्या अधिकाऱ्याची सही नव्वद वर्षं चालली आहे?

खंडन इथे संपलं. आता निवड कशी करावी, ते माझ्या अनुभवावरून सांगतो. तीन गोष्टी स्वतःला विचाराव्यात.

पहिली: वीस वर्षं डोक्यात राहिला तरी कंटाळा येणार नाही असा प्रश्न कोणता? दुसरी: मला काम कसं करायला आवडतं? घोळक्यात की एकट्याने, उघड की गुपित, यंत्रावर की शेतात? तिसरी: माझ्या पदवीला कुठलं दार कधी उघडतं? अभियंत्याला इस्रो, डीआरडीओ, भाभा ही दारं पदवीनंतर लगेच उघडी असतात. भाभा भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राच्या एमएस्सींनाही घेतं. सीएसआयआरमध्ये शास्त्रज्ञ व्हायचं तर बहुतेक वेळा पीएचडी लागते, म्हणजे तिशीपर्यंत धीर धरायची तयारी हवी. त्या वाटेवर नेट परीक्षेतून मिळणारी कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये आहे, हे घरच्यांना आवर्जून सांगावं. कृषी संशोधन सेवेत शेतीच्या शाखांबरोबर जैवतंत्रज्ञान, सांख्यिकी, संगणक-उपयोजन अशा शाखाही आहेत. प्रत्येकीची पात्रता वेगळी, म्हणून जाहिरात शब्दन् शब्द वाचावी.

आणि प्रश्न शोधायला बंगळूरला जावं लागत नाही. महाराष्ट्रातल्या डाळिंबबागा तेल्याने उद्ध्वस्त होत असताना २००५ साली राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आपल्या केगावला आलं. लोह, जस्त आणि क जीवनसत्त्व जास्त असलेला 'सोलापूर लाल' हा वाण तिथेच तयार झाला. तेल्याला अजिबात बळी न पडणारी आणि बाजारात 'भगवा' या वाणाची जागा घेईल अशी जात मात्र अजून शेतकऱ्याच्या हाती आलेली नाही. तेल्याचा जिवाणू, त्याची जनुकं, फळाच्या सालीतली रसायनं हे सगळे प्रश्न उघडे आहेत, आणि ते जीवरसायनशास्त्राचेच आहेत. भौतिकशास्त्राच्या मुलांनी वर बघावं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात याच सोलापूरच्या आभाळात विमानं नेऊन २७६ ढग अभ्यासले, काहींत क्षारकण सोडले, काही तसेच ठेवले. वाऱ्याच्या दिशेने सुमारे १०० चौरस किलोमीटरच्या टापूत पाऊस १८ टक्क्यांनी वाढल्याचं त्यांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलं. पर्जन्यछायेतला आपला जिल्हा, ज्याला आपण दुष्काळी म्हणून हिणवतो, तो शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळा म्हणून निवडला.

एकदा निवडलेला प्रश्न आयुष्यभराची बेडी होते, असंही नाही. वसंत गोवारीकरांनी इस्रोत अग्निबाणांचं घन इंधन घडवलं आणि नंतर मान्सूनच्या अंदाजाचं सोळा घटकांचं प्रारूप देशाला दिलं. प्रश्नावर जीव असलेल्या माणसाला पुढचा प्रश्न सापडतो. केवळ पाटीवर जीव असलेल्याला मात्र पाटी मिळाल्यावर काय करायचं, ते सुचत नाही.

त्या मुलीला मी एवढंच सांगितलं की पिशवीत टाकलेलं फळ बाहेर काढ, उद्या केगावला जा, आणि यावर तिथे कोण काम करतं ते विचार. त्यानंतरही तुझं मन भाभातच असेल तर भाभाच्या तयारीला लाग. मी मदत करीन. हेच मी तिच्या वयाच्या प्रत्येकाला आणि त्यांच्या आईवडिलांना सांगतो. अर्ज भरण्याआधी एक दिवस काढा. केगावचं केंद्र, मोहोळचं केंद्र, कोरडवाहू शेतीचं केंद्र, जवळ असेल तिथे परवानगी घेऊन जा, आणि तिथल्या माणसाला विचारा, "तुम्हाला अजून काय कळलेलं नाही?" त्याचं उत्तर ऐकून ज्याला घरी परतल्यावर झोप लागणार नाही, त्याने संशोधनात जावं. कुठल्या संस्थेत, ते त्याला आपोआप कळेल.