एकी मालकांची कीं माणसांची?

युरोपच्या एकीची कल्पना कोणाची, असें विचारलें कीं १९५१ सालच्या कोळसा-पोलादाच्या कराराकडे बोट दाखविण्यांत येतें. करार मंत्र्यांनीं केला, म्हणून श्रेयही मंत्र्यांचें! परंतु त्याच्या ११७ वर्षें आधीं, ता. १५ एप्रिल १८३४ रोजीं, स्वित्झर्लंडांतील बर्न शहरीं सतरा परागंदा माणसांनीं एका करारावर सह्या केल्या. सात इटालियन, पांच जर्मन, पांच पोलिश. ना पदरीं फौज, ना खिशांत पैसा. त्यांचा म्होरक्या जोसेफ मॅझिनी अवघा २८ वर्षांचा. मागल्याच वर्षीं पीडमाँट सरकारनें त्याच्या गैरहजेरींत त्याला देहान्ताची शिक्षा फर्माविली होती, आणि सॅव्हॉयवरची त्याची स्वारी नुकतीच सपशेल फसली होती. अशा माणसानें संघ काढला 'तरुण युरोप', आणि ब्रीद घेतलें स्वातंत्र्य, समता, मानवता.

आतां कोणी म्हणेल, त्या वेळीं युरोपांत एकी नव्हती म्हणून त्यानें ती मागितली. छे! एकी चांगली भक्कम होती. रशिया, ऑस्ट्रिया व प्रशिया यांच्या राजांनीं १८१५ सालींच देवाधर्माच्या नांवानें 'पवित्र संघ' स्थापिला होता. याच तिघांच्या घराण्यांनीं पोलंडचे लचके तोडून आपसांत वांटून घेतले होते. एका देशांत रयत उठली कीं शेजारच्या बादशहाची पलटण तिला चेपायला हजर. १८२१ सालीं नेपल्समध्यें ऑस्ट्रियानें हेंच केलें. मालक एका पंगतीला, आणि गडी आपापल्या गोठ्यांत! मॅझिनीनें हें बरोबर हेरलें. राजांच्या एकीला लोकांच्या एकीनेंच तोंड द्यावें लागेल, असें तो म्हणाला. मात्र आधीं प्रत्येक राष्ट्र आपल्या घरचें धनी झालें पाहिजे, मगच बरोबरीच्या नात्यानें भाऊबंदकी. धनी व गुलाम यांना एकत्र बांधणारें जें असतें, त्याला आम्ही खेड्यांतले लोक दावें म्हणतों.

आमच्याकडे मॅझिनी आला तो १९०७ सालीं, सावरकरांच्या मराठी पुस्तकांतून. तरुणांनीं तो डोक्यावर घेतला. पण घेतला कोणता? गुप्तमंडळ्यांचा, शपथांचा. स्वित्झर्लंडांतूनही हुसकावला गेल्यावर १८३७ सालीं तो लंडनला पोंचला आणि १८४१ सालीं तेथें त्यानें रात्रीची फुकट शाळा काढली. रस्त्यावर बाजा वाजवून पैसे मागणारीं इटालियन पोरें, दिवसभराची कमाई मालकाच्या हातीं देणारीं, कमी पडली तर मार खाणारीं. त्यांच्यासाठीं ही शाळा. मालक चिडले, पाद्रीही चिडले. चिडणारच! हा अक्षरें गिरविणारा मॅझिनी आमच्या सभांतून फारसा कोणी सांगितला नाहीं. अक्षरशत्रू रयतेच्या नांवानें झालेली एकी शेवटीं कारभाऱ्यांच्याच खिशांत जाते, हें त्याला कळलें होतें.

म्हणून त्याची मूर्ति करून तिला शेंदूर फांसावा, असें मात्र आम्हांस वाटत नाहीं. याच मॅझिनीनें १८७१ सालीं लिहितांना ट्युनिसचा प्रदेश इटलीच्या वांट्याला यावा अशी इच्छा प्रकट केली. ट्युनिसच्या लोकांना विचारण्याची त्याला गरज भासली नाहीं. पोलंडासाठीं तळमळणाऱ्या या थोर पुरुषाची मानवता भूमध्यसमुद्राच्या उत्तर किनाऱ्यालाच थबकली! पुढच्याच वर्षीं, १० मार्च १८७२ रोजीं, पिसा येथें खोट्या नांवानें राहत असतांना तो वारला. ट्युनिस १८८१ सालीं फ्रान्सनें गिळलें, त्रिपोलीवर १९११ सालीं इटलीनें चाल केली.

आणि मंत्र्यांनीं बांधलेल्या एकीचें काय? १९५७ सालीं रोम येथें सहा राष्ट्रांनीं बाजारपेठेचा करार केला. त्यांत अल्जीरियाचें नांव फ्रान्सच्या पदरीं घातलेलें आहे. त्या वेळीं अल्जीरियाचे लोक फ्रान्सविरुद्ध हातांत बंदुका घेऊन उभे होते, आणि सहांपैकीं एकानेंही त्यांना विचारलें नव्हतें कीं बाबांनो, तुम्हांला या पंगतीला बसावयाचें आहे काय.