काढून ठेवलेल्या बंपरांचा हिशेब

दसरा-दिवाळीच्या तोंडावर आपल्या गॅरेजांत दोन तऱ्हेची गिऱ्हाइकं येतात. एकाच्या दारात नवी थार किंवा जिम्नी आलेली असते आणि त्याला सगळंच हवं असतं: उंची, मोठे टायर, विंच, छतावर लाइट. दुसऱ्याचा गाडीसह पहिला पावसाळा नुकताच सरलेला असतो आणि त्याला यातलं बरंचसं काढून टाकायचं असतं. पहिल्यासाठी आपण खुर्ची पुढे करतो, कॅटलॉग काढतो. दुसऱ्याशी बोलायला आपल्याला सवड नसते. निघालेला बंपर भिंतीला टेकतो, लाइट बार कपाटावर चढतो आणि विषय मिटतो. या महिन्याचं संपादकीय त्या भिंतीला टेकलेल्या सामानाविषयी आहे. ते बसवणारे हात आपलेच होते.

यातल्या बहुतेक वस्तू वाईट नव्हत्या. फक्त त्या गाडीवर, त्या माणसासाठी, त्या वेळी नको होत्या. आणि हे गिऱ्हाइकाला ठाऊक असण्याचं कारण नाही, आपल्याला असतं.

वजनापासून सुरुवात करतो, कारण त्याचा हिशेब कुणी मांडतच नाही. जिम्नीचं रिकामं वजन बाराशे किलोच्या आसपास आहे आणि भरलेल्या गाडीची कंपनीने घालून दिलेली कमाल मर्यादा 1545 किलो. माणसं, सामान, अॅक्सेसरी असं सगळं धरून हातात साडेतीनशेच्या आतच किलो उरतात. चार धडधाकट माणसं बसली की 280 गेले. आता लोखंडी बंपर बसवा, 40 ते 50 किलो. त्यावर वायर रोपसकट विंच, आणखी 30 ते 40. मूळ प्लास्टिक बंपर निघाला त्याचे थोडे किलो वजा करा, तरी डिकीत एकही पिशवी न ठेवता गाडी मर्यादेला टेकली किंवा ओलांडून गेली. शिवाय हे वजन बसतं कुठे, तर पुढच्या चाकांच्याही पुढे. तिथे ठेवलेले 80 किलो पुढच्या स्प्रिंगवर 80 पेक्षा जास्त भार टाकतात आणि मागचा अॅक्सल तेवढा हलका करतात. ताम्हिणीसारख्या ओल्या घाटात उतरताना मागची चाकं लवकर पकड सोडतात, त्याला हेही एक कारण असतं. मालक सांगतो, "गाडी आधीसारखी राहिली नाही." आपण अलाइनमेंट करून परत पाठवतो.

बुलबारबद्दल तर आता दुमत असायचं कारण नाही. डिसेंबर 2017 मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना कळवलं की असे क्रॅश गार्ड मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चा भंग ठरतात. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या प्रकरणात कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरबदल करता येणार नाहीत, असं स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182-अ मध्ये बेकायदा फेरबदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. पण मला दंडापेक्षा जास्त काळजी वाटते ती धडकेची. समोरून धडक बसली की गाडीचं नाक ठरलेल्या पद्धतीने चेपत जातं, सेन्सर त्या धक्क्याचा वेग ओळखतात आणि त्यावरून एअरबॅग फुगायची की नाही आणि नेमकी कधी, हे ठरतं. आपण चॅसीला बोल्ट मारून कडक लोखंड पुढे लावतो तेव्हा हे सगळं गणित बिघडतं. पुढे पायी चालणारा माणूस असेल तर त्याच्या वाट्याला काय येतं, ते सांगायला नको. ज्या गाडीत एअरबॅग आहेत तिला बाजारू बुलबार लावायचा नाही, एवढं तरी आपल्या धंद्याने स्वतःहून ठरवलं पाहिजे.

विंचची गोष्ट वेगळी आहे. वस्तू उत्तम, पण बहुतेकांना ती लागत नाही. आपल्याकडचा हौशी माणूस एकटा जंगलात जात नाही. चार-सहा गाड्यांच्या ताफ्यात जातो, आणि अडकलाच तर दुसरी गाडी पट्ट्याने ओढते किंवा गावातला ट्रॅक्टर येतो. दोन-तीन पावसाळे विंच चिखल खात राहतो. वायर रोप ड्रमवर गंजतो, सोलेनॉइडच्या टर्मिनलवर हिरवट थर चढतो, आणि ज्या दिवशी खरंच गरज पडते त्या दिवशी बटण दाबल्यावर नुसता कट्ट आवाज येतो. बसवतानाही आपण पुरतं सांगत नाही. 9500 पाउंडी विंचची ती ओढ फक्त ड्रमवरच्या पहिल्या थराची असते. बराचसा दोर गुंडाळलेलाच असेल तर वरच्या थरावर ओढ साधारण तीसेक टक्क्यांनी घटते. पूर्ण भाराखाली तो 400 अँपिअरच्या घरात करंट घेतो. मूळ बॅटरी आणि अल्टरनेटर तसाच ठेवून हे यंत्र विकणं म्हणजे गिऱ्हाइकाला अर्धीच गोष्ट विकणं.

त्याआधी लागतात त्या चॅसीला नीट बांधलेल्या, भार लिहिलेल्या रिकव्हरी हुकच्या जागा. या एका बाबतीत मी कठोर आहे. टो बॉलला पट्टा अडकवून ओढताना बॉल तुटून गोळीसारखा उडाला आणि माणसं दगावली, हे ऑस्ट्रेलियात घडलेलं आहे. आपल्याकडे आजही हौशी मंडळी टो बॉलला, टाय-डाउनच्या कडीला, प्रसंगी स्टेपनीच्या ब्रॅकेटलासुद्धा पट्टा लावताना दिसतात. वर तीस-चाळीस हजारांची लाइट आणि खाली ओढायला एक धड हुक नाही, अशी गाडी आपल्या दारातून बाहेर पडता कामा नये. आधी कळस मग पाया म्हणतात ते हेच.

टायरबद्दल बोलताना आपण सगळे फार सैल बोलतो. जिम्नीचा कंपनीचा टायर 195/80 आर 15, व्यास सुमारे 693 मिलिमीटर. त्याजागी 235/75 आर 15 घातला की व्यास 733 होतो. वाढ 40 मिलिमीटरची, पण गाडी वर उचलली जाते त्याच्या निम्मी, म्हणजे 20. एवढ्यासाठी आपण काय काय देतो? गिअरिंग जवळपास सहा टक्क्यांनी लांबतं, स्पीडोमीटर आधीपेक्षा तेवढंच कमी दाखवतो, आणि 134 न्यूटन मीटर टॉर्कच्या इंजिनाला प्रत्येक चढावर एक गिअर खाली यावं लागतं. जड चाक फिरवायलाही जोर लागतो आणि थांबवायलाही. स्टेपनीही त्याच मापाची झाली की मागच्या दाराचे बिजागर सैल पडतात, दार बंद करताना उचलून घ्यावं लागतं. हे सगळं वर्षभरात दिसतं. विकण्याच्या दिवशी दिसत नाही.

आणि मड टेरेन टायर. शोरूममधून निघालेली गाडी थेट आपल्याकडे येते आणि तिला मड टायर चढतात, कारण नाव चिखलाचं आहे. चिखल सगळीकडे सारखा नसतो. मराठवाडा-विदर्भातली काळी माती मोठ्या खाचांतसुद्धा गच्च बसते. चाक वेगाने फिरवून ती झटकली नाही तर दोन फेऱ्यांत टायरचा गुळगुळीत रूळ होतो. कोकणातल्या जांभ्याच्या रस्त्यावर आणि सह्याद्रीच्या काळ्या कातळावर मऊ साइडवॉलचा, हवा कमी केलेला ऑल टेरेन टायर कितीतरी वेळा जास्त उपयोगी पडतो. वर्षातले अकरा महिने गाडी डांबरावर चालते. ओल्या डांबरावर मड टायरचं ब्रेकिंग लांबतं आणि ऐंशीच्या पुढे आत बोलणं ऐकू येत नाही. घरची मंडळी त्या गाडीत बसायला नको म्हणतात. मालकाच्या मनातला सगळ्यात मोठा सल बहुधा हाच असतो आणि तो बिलावर कुठे लिहिलेला नसतो. प्रेशर गेज, एक बरा कंप्रेसर आणि हवा 18-20 पर्यंत उतरवून चालवायची सवय, हे त्याला कुणी विकलेलंच नसतं, कारण त्यात आपल्याला फारसं सुटत नाही.

लिफ्ट किटवर मात्र जरा थांबावं लागेल. सगळ्यात जास्त परत येणारं काम हेच आहे, आणि सगळ्यात जास्त लपवलं जाणारंही.

जिम्नीला पुढे-मागे सॉलिड अॅक्सल आहे. नुसत्या उंच स्प्रिंग घालून गाडी दोन इंच वर केली की पुढचा अॅक्सल किंचित फिरतो आणि कॅस्टर कमी होतो. पॅनहार्ड रॉडची लांबी तीच राहते, त्यामुळे अॅक्सल एका बाजूला सरकतो. सरळ रस्त्यावर गाडी भरकटू लागते, आणि साठ-सत्तरच्या वेगात खड्डा लागला की स्टिअरिंग असं थडथडतं की ड्रायव्हरला थांबावंच लागतं. गिऱ्हाईक घाबरून परत येतं. तेव्हा कॅस्टर बुश किंवा योग्य मापाचे आर्म घालायचे सोडून अनेक ठिकाणी जाड स्टिअरिंग डँपर विकला जातो. थडथड काही महिने दबते. खाली बॉल जॉइंट आणि बुश झिजत राहतात. 2020 च्या थारला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे. तिथे स्ट्रटवर स्पेसर ठेवून उंची मिळते, पण चाकाची खाली जाण्याची मर्यादा संपते, सीव्ही जॉइंट कायम तिरका फिरतो आणि त्याचं रबरी बूट फाटतं. एकदा बूट फाटलं आणि आत ग्रीसच्या जागी वाळू-पाणी गेलं की जॉइंट गेलाच म्हणायचा.

पिकअपवाल्यांसाठी एक गोष्ट वेगळी सांगतो, कारण ती ब्रेकची आहे. अनेक पिकअपना मागच्या अॅक्सलजवळ लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असतो. गाडी मागून किती दबली आहे ते पाहून तो मागच्या ब्रेकला दाब किती द्यायचा हे ठरवतो. आपण पाट्यांखाली ब्लॉक घालून मागची बाजू वर केली आणि त्या व्हॉल्व्हचा दांडा तसाच सोडला, तर व्हॉल्व्हला वाटतं गाडी कायम रिकामी आहे. माल भरूनही मागचे ब्रेक अर्धवटच लागतात. हे मालकाला कधीच कळत नाही. ते कळतं ते थांबायला जागा कमी असते तेव्हा.

म्हणून लिफ्ट केलेली प्रत्येक गाडी सोडण्याआधी लिफ्टवर घ्या, चाकं पूर्ण लोंबकळू द्या आणि हाताने चाचपून पाहा: ब्रेक होज ताठ ओढला गेला आहे का, एबीएसची वायर कुठे घासते आहे का, स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवल्यावर टायर कशाला लागतो का. दहा मिनिटांचं काम आहे.

स्नॉर्कलविषयी थोडक्यात. फेंडरला भोक पाडून वर नळी काढली म्हणजे गाडी पाण्यात चालत नाही. एअर बॉक्सचा तळाचा ड्रेन उघडा आणि सांधा सिलिकॉनने कसाबसा भरलेला असेल तर पाणी तिथूनच ओढलं जातं. डिफरन्शियलचे ब्रीदर खालीच राहिले तर तापलेलं डिफरन्शियल पाण्यात थंड होताना पाणी आत खेचून घेतं, आणि पुढच्या सर्व्हिसला तेल दुधाळ निघतं. ब्रीदर वर नेण्याचा खर्च स्नॉर्कलच्या एका कोपऱ्याइतकाही नाही, पण तो वरून दिसत नाही.

लाइट बार छतावर असला की बॉनेटवर चमक येते आणि धुक्यात समोर पांढरी भिंत उभी राहते. लोणावळ्याच्या पावसात ज्याने तो लावून पाहिला त्याला पुढचं सांगायला नको. सार्वजनिक रस्त्यावर तो लावणं समोरच्याच्या जिवावर बेतणारं आहे आणि बेकायदाही. पण आपल्या हातातला खरा गुन्हा वायरिंगमध्ये आहे. हेडलाइटच्या वायरला जोड मारून, रिले आणि फ्यूजशिवाय, इन्सुलेशन टेप गुंडाळून दिलेली जोडणी उन्हाळ्यात वितळते. आजच्या गाड्यांत बॉडी कंट्रोल मॉड्यूल असतं. तिथे एका चुकीच्या जोडणीने मॉड्यूल जातं, वॉरंटी जाते, आणि आग लागली तर विमा कंपनी सगळ्यात आधी हीच वायर शोधते.

हे सगळं येतं कुठून? गोव्यात 2014 पासून होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धांतल्या गाड्या पाहून बरीच हौस जागी होते, आणि त्यात वाईट काही नाही. पण त्या गाड्या त्याच एका कामासाठी बांधलेल्या असतात. त्यांच्या मागच्या सीटवर आजी बसून गावी जायची नसते. आपल्याकडे येणाऱ्या गाडीत ती बसायची असते. हौसेला मोल नाही हे खरं, पण त्या हौसेला जो पहिला माणूस भेटतो तो आपण असतो, आणि त्याने विचारायला हवं: गाडी वर्षातून किती वेळा कच्च्यात जाते, कुणाबरोबर जाते, घरी दुसरी गाडी आहे का? उत्तरं ऐकून अर्धी यादी आपोआप गळते. ऑर्डर लहान होते, हे मान्य. ते गिऱ्हाईक पुढच्या वर्षी परत आपल्याकडेच येतं, हा मात्र ज्यांनी नकार देऊन पाहिला आहे त्या गॅरेजवाल्यांचा अनुभव आहे.

दोन सवयी आजपासून लावता येतील. मोठं काम करण्याआधी आणि नंतर गाडी वजनकाट्यावर न्यावी आणि दोन्ही पावत्या जॉब कार्डला जोडाव्यात. आणि काढलेला प्रत्येक मूळ भाग, बंपर, स्प्रिंग, ब्रॅकेट, नट-बोल्टसकट, नाव लिहून मालकाच्या ताब्यात द्यावा. आज तो भंगारात जातो आणि दोन वर्षांनी गाडी विकताना किंवा आरटीओच्या तपासणीला तोच भाग चढ्या दराने नवा आणावा लागतो.

पुढच्या अंकापासून आम्ही एक पान काढलेल्या वस्तूंसाठी राखून ठेवत आहोत. तुमच्या गॅरेजात जे बसवलं गेलं आणि नंतर काढावं लागलं, त्याबद्दल लिहून पाठवा. गाडीचं मॉडेल, काय बसवलं होतं, किती किलोमीटरनंतर काढलं, आणि काढताना आतून काय झिजलेलं, वाकलेलं किंवा फाटलेलं निघालं, एवढं लिहिलं तरी पुरे. फोटो असेल तर त्या झिजलेल्या भागाचा पाठवा, गाडीचा नको. नाव छापायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.